नाझी पक्षाचा उदय आणि आर्थिक मंदी : साधनांची चिकित्सा

जर्मनींत नाझी पक्ष कसा वाढला, या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ इतिहासग्रंथांत एका वाक्यांत उरकलेलें असतें. इ. स. १९२९ सालीं जागतिक मंदी आली, कारखाने बंद पडले, साठ लक्ष लोक बेकार झाले, आणि भुकेल्या लोकांनीं हिटलरला मतें दिलीं. वाक्य सुटसुटीत आहे व घटनांचा क्रमहि चुकीचा नाहीं. परंतु 'भुकेल्या लोकांनीं' या दोन शब्दांना आधार कोणता, असें विचारलें तर उत्तर देणारे थोडे. युरोपांत अलीकडे अतिउजव्या पक्षांचें बळ पुन्हां वाढलें आहे, व तेंच वाक्य नव्यानें उच्चारलें जात आहे. म्हणून मूळ कागद काय सांगतात तें एकदां तपासून पाहणें अवश्य वाटलें.

या विषयावरील सर्वांत विलक्षण दप्तर एका अमेरिकन अध्यापकानें जमविलेलें आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील समाजशास्त्रज्ञ थिओडोर एबल यांनीं इ. स. १९३४ च्या जून महिन्यांत जर्मनींत एक निबंधस्पर्धा जाहीर केली. आपण हिटलरचे अनुयायी कां झालों, याची कैफियत स्वतःच्या आयुष्याच्या हकीकतीसह लिहावयाची. लिहिणारा १ जानेवारी १९३३ च्या आधींपासून, म्हणजे पक्ष अधिकारारूढ होण्यापूर्वींपासून, त्या बाजूचा असावा, एवढीच अट. बक्षिसांची एकूण रक्कम अवघी चारशें मार्क. तरी ६८३ हस्तलिखितें आलीं. कांहीं एका पानांत आटोपलेलीं, कांहीं ऐंशी पानांपर्यंत गेलेलीं. त्यांवरून एबल यांनीं इ. स. १९३८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें हें दप्तर कॅलिफोर्नियांतील हूव्हर संस्थेंत आलें, आणि पीटर मर्कल यांनीं शिल्लक राहिलेल्या ५८१ हकीकती पुन्हां वाचून इ. स. १९७५ मध्यें त्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे चाळीस वर्षांत शंभरावर हस्तलिखितें दप्तरांतून गळालीं. संग्राहकांना ही गोष्ट नवी वाटणार नाहीं.

एका राजकीय पक्षाच्या सामान्य अनुयायांनीं आपल्या हातानें लिहिलेल्या इतक्या आत्मकथा एका ठिकाणीं मिळणें हा योग दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच या दप्तराविषयीं सावध राहिलें पाहिजे. पहिली गोष्ट काळाची. हीं हस्तलिखितें इ. स. १९३४ च्या उन्हाळ्यांत लिहिलीं गेलीं. पक्षाला सत्ता मिळून दीड वर्ष होत आलें होतें. स्पर्धेची जाहिरात पक्षाच्याच शाखांतून फिरली होती. आणि त्याच जूनच्या ३० तारखेस हिटलरनें रोम व त्याचे साथीदार यांची कत्तल आरंभिली. अशा वेळीं कोण आपल्या मनांतील शंका कागदावर उतरविणार ? त्या दिवशींचें त्या दिवशीं लिहिलेलें पत्र आणि विजयानंतर रचलेली बखर यांत किती अंतर असतें, हें या पानांच्या वाचकांस सांगावयास नको. एबल यांच्याकडे आलेल्या हकीकती या दुसऱ्या जातीच्या आहेत. शेवट लेखकाला ठाऊक आहे, आणि सारें आयुष्य त्या शेवटाकडे वळवून मांडलेलें आहे.

दुसरी गोष्ट लेखकांची. हे पक्षाचे लोक आहेत, मतदार नव्हेत. जानेवारी १९३३ च्या अखेरीस पक्षाचे सभासद सुमारें साडेआठ लक्ष होते. जुलै १९३२ च्या निवडणुकींत पक्षाला मिळालेलीं मतें एक कोटी सदतीस लक्ष. सभासदाची निष्ठा व मतदाराचा कल या दोन वेगळ्या वस्तु आहेत, आणि पहिलीच्या कागदांवरून दुसरीविषयीं निष्कर्ष काढतां येत नाहीं. शिवाय स्त्रियांनीं लिहिलेलीं ४८ हस्तलिखितें एबल यांनीं संख्या थोडी म्हणून विचारांतच घेतलीं नाहींत. जर्मन मतदारांत अर्ध्याहून अधिक स्त्रिया असतां ही काटछांट आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं.

तिसरी गोष्ट अधिक उद्बोधक आहे. ज्यूद्वेषाचा मागमूस सुमारें शेंकडा ६० लेखकांच्या मजकुरांत दिसत नाहीं, असें एबल यांनीं नमूद केलें. मर्कल यांच्या बारीक वाचनांत असे लेखक सुमारें एक तृतीयांशच निघाले. मर्कल यांच्यापुढें दप्तराचा कांहीं भाग नव्हता हें खरें. परंतु शंभर कागदांच्या उणीवेनें एवढा फरक पडत नाहीं. फरक वाचणाऱ्याच्या कसोटीचा आहे. एबल यांनीं मौन हा पुरावा मानला. मर्कल यांनीं आडून आलेले उल्लेख, उपरोध व नांवें ठेवण्याची रीत यांकडेहि लक्ष दिलें. मौनावरून अनुमान करण्याचा मोह आमच्याकडीलहि अनेक विद्वानांस आवरत नाहीं, एवढें जातां जातां नमूद करतों.

इतकें वजा करूनहि या दप्तरांत एक गोष्ट उरते. आर्थिक संकटाचे उल्लेख त्यांत पुष्कळ आहेत, पण कथानकाचा कणा तो नव्हे. महायुद्ध, पराभव, फ्रेंचांनीं बळकाविलेला ऱ्हूर प्रांत आणि सर्व वर्ग मोडून एक होणाऱ्या राष्ट्रीय समाजाचें स्वप्न, यांवर लेखकांची शाई अधिक खर्च झाली आहे. मर्कल यांच्या वर्गवारींत सुमारें एक तृतीयांश लेखकांचा मुख्य विषय हाच राष्ट्रीय एकीचा आहे. विजयी पक्षापुढें पोटाची गोष्ट सांगणें कमीपणाचें वाटलें असेल, हा आक्षेप आम्ही मान्य करतों. म्हणूनच या आत्मकथा येथें बाजूस ठेवून, ज्यांत कोणाचाहि अभिनिवेश नाहीं अशा रुक्ष कागदांकडे वळलें पाहिजे.

असे कागद म्हणजे निवडणुकींचे तक्ते. इ. स. १९२३ च्या नोव्हेंबरांत एका डॉलरास ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. त्या चलनफुगवट्यानें हिटलर आला, असें आजहि सर्रास लिहिलें जातें. परंतु मे १९२४ मध्यें नाझी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संयुक्त यादीला शेंकडा ६.५, त्याच डिसेंबरांत शेंकडा ३, आणि मे १९२८ मध्यें नाझी पक्षाला शेंकडा २.६ इतकींच मतें पडलीं. नंतर सप्टेंबर १९३० मध्यें शेंकडा १८.३ व १०७ जागा, आणि जुलै १९३२ मध्यें शेंकडा ३७.३ व २३० जागा. या दुसऱ्या काळांत किंमती चढत नव्हत्या, घसरत होत्या. महागाईनें घडविलें असें जें म्हणतात तें प्रत्यक्षांत स्वस्ताईच्या व कपातीच्या वर्षांत घडलें.

मग बेकारांचें काय ? युर्गेन फाल्टर यांनीं जर्मनींतील जिल्ह्याजिल्ह्याचे आंकडे जुळवून इ. स. १९९१ मध्यें हिटलरच्या मतदारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसून आलें कीं, जेथें बेकारी अधिक तेथें नाझी मतें सामान्यतः कमी. बेकार कामगारांचा ओढा साम्यवादी पक्षाकडे होता; त्या पक्षाचीं मतें इ. स. १९२८ मधील शेंकडा १०.६ वरून नोव्हेंबर १९३२ मध्यें शेंकडा १६.९ पर्यंत गेलीं. नाझी मतांचा मेळ बेकारीपेक्षां धर्मपंथाशीं अधिक बसतो : प्रॉटेस्टंट जिल्ह्यांत भरती, कॅथॉलिक जिल्ह्यांत ओहोटी. जिल्ह्याची बेरीज माणसाचें मन सांगत नाहीं, ही मर्यादा येथें आहेच. गांवांत बेकार पुष्कळ असतां मत फिरविलें तें शेजारच्या दुकानदारानें, असेंहि असूं शकतें. तरी 'भुकेल्या लोकांनीं' हे शब्द या तक्त्यांपुढें टिकत नाहींत.

दुकानदाराचा हा उल्लेख आम्हीं सहज केलेला नाहीं. रुडॉल्फ हेबर्ले या समाजशास्त्रज्ञानें डेन्मार्कच्या सीमेवरील श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताचा अभ्यास करून इ. स. १९३४ मध्यें एक हस्तलिखित पुरें केलें. नाझी राजवटींत तें छापणें शक्य नव्हतें. ग्रंथकार अमेरिकेंत गेल्यावर इ. स. १९४५ मध्यें त्याचें इंग्रजी रूप निघालें, व मूळ जर्मन ग्रंथ इ. स. १९६३ मध्यें बाहेर आला. या विषयावर आम्हीं जें वाचलें त्यांत हा ग्रंथ आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो घटना चालू असतां जागेवर जाऊन लिहिलेला आहे. या प्रांतांत नाझी पक्षाला इ. स. १९२८ मध्यें शेंकडा ४, इ. स. १९३० मध्यें शेंकडा २७ आणि जुलै १९३२ मध्यें शेंकडा ५१ मतें पडलीं. निर्विवाद बहुमत देणारा तो जर्मनींतील एकमेव मतदारविभाग. आणि हीं मतें प्रांतांत सर्वत्र सारखीं नाहींत. पूर्वेकडील जमीनदारांच्या मोठ्या वतनांत व पश्चिम किनाऱ्यावरील सुपीक खाजणांत ज्वर कमी. मधल्या रेताड पट्ट्यांत, जेथें स्वतःच्या घरच्या माणसांनीं कसलेली लहान शेती, तेथें तो सर्वांत तीव्र. हे शेतकरी भुकेले नव्हते. त्यांच्या डोक्यावर कर्ज होतें, जनावरांचे भाव पडले होते, आणि जप्ती व लिलावाची नोटीस कधीं दारावर लागेल याचा नेम नव्हता. त्यांचे मोर्चे इ. स. १९२८ च्या जानेवारींत निघाले, म्हणजे न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळण्यापूर्वीं एकवीस महिने. मंदी ही या प्रांतांत आधींच येऊन बसली होती.

ज्याच्याजवळ थोडें आहे व तें जाण्याची धास्ती आहे, असा मनुष्य या कागदांतून वारंवार पुढें येतो. ती धास्ती वाढविण्यास सरकारनेंहि हातभार लावला. मार्च १९३० ते मे १९३२ पर्यंत चॅन्सेलर असलेल्या ब्र्यूनिंगनें वटहुकुमांच्या जोरावर पगार उतरविले, कर वाढविले, बेकारभत्ता आंखडला; ८ डिसेंबर १९३१ च्या वटहुकुमानें मजुरीचे दर जानेवारी १९२७ च्या पातळीवर खेंचले. इ. स. २०२१ मध्यें गालोफ्रे-विला व त्यांचे तीन सहकारी यांनीं दाखविलें कीं, जेथें ही कपात अधिक बसली तेथें नाझी मतांची वाढहि अधिक. तसेंच १३ जुलै १९३१ रोजीं डानाट बँकेनें दारें लावलीं. तिच्याशीं व्यवहार असलेल्या कारखान्यांच्या गांवीं नाझी मतें अधिक वाढलीं, असें इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत सिद्ध केलें आहे. आणि ज्या गांवांत ज्यूद्वेषाची जुनी परंपरा होती तेथें हा परिणाम विशेष. बँकेचा प्रमुख याकोब गोल्डश्मिट ज्यू होता, व नाझी प्रचारकांनीं त्याचें नांव गांवोगांव नेलें. पैशाची बुडीत व जुना द्वेष हे दोन्ही एकत्र आले तेव्हां मत फिरलें. या दोन निबंधांची पद्धति आम्हांस पटते : देशभराची एक सरासरी न घेतां, एकाच संकटाचा घाव कोठें खोल व कोठें उथळ बसला, हें त्यांनीं स्थळवार मोजलें आहे.

सरासरीचा धोका दुसऱ्या एका प्रसिद्ध निबंधांत दिसतो. फुन्के, शुलारिक व ट्रेबेश यांनीं इ. स. २०१६ मध्यें वीस देश व आठशेंहून अधिक निवडणुका तपासून असें मांडलें कीं, आर्थिक पेढ्यांचें अरिष्ट आल्यानंतर अतिउजव्यांचीं मतें पूर्वीच्या मानानें सुमारें शेंकडा ३० वाढतात. साध्या मंदीनंतर तसें होत नाहीं. शोध मोठा आहे, परंतु तो हातीं घेऊन एकेका देशाकडे गेलें कीं अडचण पडते. ब्रिटनमध्यें इ. स. १९३३ च्या आरंभीं बेकार तीस लक्षांच्या घरांत होते, तरी मोस्लेच्या फॅसिस्ट पक्षाचा एकहि उमेदवार पार्लमेंटांत पोंचला नाहीं. उलट इटलींत मुसोलिनी इ. स. १९२२ मध्येंच आला. ग्रीसमध्यें 'सुवर्ण उषा' या पक्षाला इ. स. २००९ मध्यें शेंकडा ०.३ मतें होतीं, तीं मे १९३२ च्या नव्हे तर मे २०१२ च्या धामधुमींत शेंकडा ७ झालीं. येथें नियम लागू पडला. पण स्पेनमध्यें इ. स. २०१३ मध्यें बेकारी शेंकडा २६ होती, आणि वोक्स पक्षाला इ. स. २०१५ मध्यें शेंकडा ०.२ मतें, त्याच पक्षाला नोव्हेंबर २०१९ मध्यें, बेकारी बरीच उतरल्यावर व कॅटलोनियाच्या फुटीचा वाद पेटल्यावर, शेंकडा १५ मतें पडलीं. सरासरी या दोहोंपैकीं कोणाचीच गोष्ट सांगत नाहीं.

खुद्द जर्मनीचें ताजें उदाहरण असेंच दुपेडी आहे. ए. एफ. डी. हा पक्ष इ. स. २०१३ मध्यें निघाला. नाझी पक्षाशीं त्याची सरसकट बरोबरी करणारे लेख आम्हांस घाईचे वाटतात. येथें प्रश्न फक्त मतें व मंदी यांच्या संबंधाचा आहे. इ. स. २०१७ मध्यें त्याला शेंकडा १२.६ मतें मिळालीं तेव्हां जर्मनींत एकीकरणानंतरची सर्वांत कमी बेकारी होती. लोकांपुढें वाद होता तो दोन वर्षांपूर्वीं आलेल्या निर्वासितांचा. इ. स. २०२१ मध्यें मतें शेंकडा १०.४ वर उतरलीं. मग इ. स. २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें राष्ट्रीय उत्पन्न घटलें, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें तींच मतें शेंकडा २०.८ व जागा १५२ झाल्या. मंदीनें पक्ष जन्मास घातला नाहीं. जो उभा होता त्याचें बळ तिच्या वर्षांत दुप्पट झालें. हें दुप्पट होणें कोणत्या गांवांत, कोणाच्या धास्तीनें झालें, हें पाहण्यासाठीं मतांच्या तक्त्यांबरोबर नगरपालिकांचे जमाखर्च, बंद पडलेल्या कारखान्यांच्या याद्या व घरभाड्याचे दर असे कागद गांववार लावून पाहावे लागतील. हेबर्ले यांनीं एका प्रांतापुरतें हें काम एकट्यानें केलें होतें.