चौकटीत स्वतःला काढताना

गद्यात आत्मकथन लिहिणाऱ्याला एक मोठी सवलत असते. त्याच्या ‘मी’चे केस किती लांब, अंगावर कपडे कोणते, खांदे ताठ की पुढे झुकलेले, हे सांगितलेच पाहिजे असे नाही, पाचपन्नास पाने तो ‘मी’ देहावाचून सुखाने वावरू शकतो. चित्रकथाकाराला मात्र चौकटीगणिक स्वतःला काढावे लागते, केसांसकट, कपड्यांसकट, छातीच्या उभारासकट. ज्याला स्वतःचा देहच न सुटलेले कोडे वाटतो, अशा माणसाने नेमके हेच माध्यम निवडावे, यात माया कोबाबे यांच्या ‘जेंडर क्विअर’ या २०१९ साली प्रकाशित झालेल्या चित्रमय आत्मकथनाचा रस साठला आहे.

उत्तर कॅलिफोर्नियात बालपण गेलेल्या कोबाबे यांना वाचता येऊ लागले ते वयाच्या अकराव्या वर्षी. अक्षरांच्या आधी त्यांची ओळख झाली ती चित्रांशी. म्हणूनच की काय, ज्या भावनेला अजून नाव मिळालेले नाही तिला आकार देण्याचे कसब या पुस्तकात पानोपानी भेटते. शाळेच्या सहलीत शर्ट काढल्याबद्दल बोलणी खाणारे लहानगे मूल पाहा. त्याला आपण काही बंड करतो आहोत याची जाणीवही नाही. नियम कुणी आणि कधी केला, एवढाच निरागस गोंधळ आहे. मुलगा आणि मुलगी यांच्यामधली रेघ त्या मुलाला दिसते ती कुणीतरी ओरडल्यावरच, आणि त्याच्याबरोबर ती आपल्यालाही जणू प्रथमच दिसते.

पुढे एक तराजू येतो, आणि तिथे आपण जरा रेंगाळावे. जन्माच्या आधीच कुणीतरी गुपचूप येऊन एका पारड्यात भलेमोठे वजन ठेवून गेले, त्यावर ‘स्त्री’ अशी नोंद. तेव्हापासून दुसऱ्या पारड्यात काही ना काही टाकत राहण्याची खटपट चालू आहे, अशी ही कल्पना. वरवर पाहणाऱ्याला ही पुरुष होण्याची धडपड वाटेल. पण काट्याकडे लक्ष द्या. दुसरे पारडे जमिनीला टेकवण्याची इथे कुणाला हौस नाही; काटा मध्यावर यावा, एवढीच आस आहे. स्त्री नाही आणि पुरुषही नाही, ही जी गोष्ट समजावताना भलेभले अभ्यासक शब्दांच्या जंजाळात अडकतात, ती एका साध्या उपकरणाच्या चित्राने पोचते आणि वर मनाला अलगद पटतेही.

तराजूत अजून ओझे आहे; त्याहून मोकळी आहे ती भूदृश्याची प्रतिमा. काही माणसे डोंगरात जन्मतात, काही समुद्राकाठी. काहींना जन्मभूमीच मानवते, काहींना आपल्याला रुजवेल अशा हवामानाच्या शोधात निघावे लागते. आणि डोंगर व सागर यांच्यामध्ये पसरलेले रानच कोबाबे यांना घर करण्यासाठी हवे आहे. मधली जागा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रिकामी फट येते. इथे तीच जागा झाडोऱ्याने गच्च भरलेली आहे. अभावाचे असे समृद्धीत रूपांतर करणारी प्रतिमा कवीलाही हेवा वाटावा अशी. पुस्तकाला रंग भरले आहेत ते फीबी कोबाबे या भावंडाने. इतक्या खाजगी चित्रांवर घरच्याच हाताने रंग चढावा, याचा गोडवा काही वेगळाच.

पण हा प्रवास नुसता रानवाऱ्याचा नाही. डॉक्टरी तपासणीच्या प्रसंगात सुऱ्याने भोसकला गेलेला देह येतो, तेव्हा तीच मऊ रेष अंगावर काटा आणते. २०२१ ते २०२३ अशी सलग तीन वर्षे अमेरिकी ग्रंथालय संघटनेच्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक अग्रस्थानी राहिले. तो वाद बाजूला ठेवून आपण शेवटाकडे वळू.

शेवटी कोबाबे मुलांना कॉमिक्स शिकवतात, आणि स्वतःविषयी, स्वतःसाठी निवडलेल्या सर्वनामांविषयी वर्गात सांगायचे राहून जाते. पुढच्या वेळी सांगायचे, असा निश्चय होतो. आत्मकथनांना विजयाच्या शिखरावर थांबायची सवय असते. हे मात्र लांबणीवर पडलेल्या धैर्यापाशी थांबते, आणि म्हणूनच अधिक खरे वाटते. दोनशेहून अधिक पाने अंतरंग उघडे करणाऱ्या माणसाला मुलांसमोर एक वाक्य जड जावे, यात विसंगती मुळीच नाही. जिभेला जे पेलत नव्हते, ते हाताने रेषारेषांनी पेलले. आणि हाताची ती ताकद पानापानावर वाढताना पाहणे, हाच आपला आनंद.