चेहरा नसलेल्यांचा खेळ : कीथ हेरिंगचे स्क्रीनप्रिंट

पॉप आर्टमधील स्क्रीनप्रिंटची चर्चा अँडी वॉरहॉलपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. १९६२ साली मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतर वॉरहॉलने तिचा चेहरा जाळीतून पुन्हा पुन्हा उमटवला, आणि प्रसिद्ध चेहऱ्याची निश्चल पुनरावृत्ती हीच या तंत्राची ओळख होऊन बसली. कीथ हेरिंग (१९५८–१९९०) याच्या चित्रांत नेमके उलट घडते. त्याच्या बहुतेक माणसांना चेहराच नाही. अंग मात्र आहे, आणि ते नाचते, कोलांट्या घेते, दुसऱ्याच्या खांद्यावर चढते.

या आकृत्या न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत घडल्या. जाहिरातीच्या रिकाम्या फलकांवरील काळ्या कागदावर हेरिंग खडूने चित्रे काढी. पोलिसांच्या धाकाने हात झरझर चालवावा लागे. स्क्रीनप्रिंटमध्ये ती घाई उरणे शक्य नव्हते. तेथे प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, रबरी पात्याने ओढलेली सपाट शाई आणि अखेरीस सही केलेल्या मोजक्या प्रती. तरीही आकृत्या हलतात, त्या भोवतीच्या आखूड रेघांमुळे. या रेघांचे कूळ व्यंगचित्रपट्टीचे आहे, हे लपविण्याची गरज हेरिंगला कधी वाटली नाही.

‘अँडी माउस’ (१९८६) या चार चित्रांच्या संचात ही क्रीडावृत्ती सर्वांत धारदार होते. मिकी माउसचे कान आणि वॉरहॉलचा चश्मा यांतून सिद्ध झालेला हा प्राणी डॉलरच्या नोटेवर वॉशिंग्टनच्या जागी विराजमान होतो. इतरांचे चेहरे छापणाऱ्याच्या वाट्याला येथे स्वतःच चेहरा होणे आले आहे. ही गुरूची पूजा आहे आणि थट्टाही. वॉरहॉलने हेरिंगसोबत या प्रतींवर सही केली, यात खिलाडूपणा किती आणि व्यवहार किती, हे ठरविणे कठीण.

‘पॉप शॉप’ मालिकांवर (१९८७–८९) दुकानदारीचा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. त्याच नावाच्या, १९८६ मध्ये उघडलेल्या दुकानात हेरिंगच्या आकृत्या टी-शर्टांवर आणि बिल्ल्यांवर विकल्या जात. एकट्या आकृतीची चित्रे बिल्ल्यापलीकडे फारशी जातही नाहीत. परंतु जेथे दोन-तीन देह एकमेकांत गुंततात, तेथे कोणता हात कोणाचा हे शोधताना पाहणाराही खेळात ओढला जातो. हेरिंगच्या अन्य चित्रांतील, पोटाला आरपार भोक पडलेला माणूसही येथे आठवावा. त्या भोकातून कुत्रे उड्या मारतात. ती जखम आहे की सर्कशीतले कडे, याचा निर्णय रेषा देत नाही. १९८८ मध्ये हेरिंगला एड्सचे निदान झाले. पुढच्या वर्षीच्या संचातही नाचणाऱ्यांचा वेग कमी झालेला नाही.