नामानिराळा मालक

शासन निर्णय हा साहित्यप्रकार म्हणून कुणी वाचत नाही. वाचायला हवा. ६ सप्टेंबर २०२३ रोजी महाराष्ट्राच्या उद्योग, ऊर्जा व कामगार विभागाने एक जीआर काढला. सरकारी कार्यालयांना बाह्यस्रोतातून मनुष्यबळ पुरवण्यासाठी नऊ खासगी एजन्सींचं पॅनल नेमलं. यातलं 'पुरवणे' हे क्रियापद बघा. टँकरवाला पाणी पुरवतो, मांडववाला खुर्च्या पुरवतो. माणसाला आपण कामावर ठेवतो, नेमतो, नोकरी देतो. या प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो, कुणीतरी ठेवणारा, कुणीतरी नेमणारा. 'मनुष्यबळ पुरवलं' म्हटलं की तो नेमणारा वाक्यातून अलगद बाहेर पडतो. उरतो पुरवठादार.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली या जीआरवर चिडली. आंदोलनं झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने तो मागे घेतला. घेताना तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कंत्राटी भरतीचं पाप आधीच्या सरकारांच्या माथी मारलं. विरोधकांनी ते परत त्यांच्या माथी मारलं. मुलांचा राग रास्तच होता. कंत्राटात आरक्षणाचं काय, परीक्षेचं काय, पाच-पाच वर्षं अभ्यासिकेत घालवलेल्यांचं काय, हे प्रश्न खरे होते. पण त्या रागाचा रोख कुठे होता तेही बघायला हवं. जीआरमध्ये अतिकुशलपासून अकुशलपर्यंत श्रेण्या होत्या. बोंब झाली ती वरच्या श्रेण्यांवरून. 'अकुशल' या खान्यातली माणसं त्याआधी कित्येक वर्षं कंत्राटावरच होती, आणि त्यांच्यासाठी कुणाच्या स्टेटसला काळा चौकोन लागला नव्हता.

मुंबईचा कचरा घ्या. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात शहर साफ ठेवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. कचरा रोज होतो, रोज उचलावा लागतो, त्याला सीझन नसतो. तरी हजारो माणसं वर्षानुवर्षं हे काम ठेकेदाराच्या नावावर करत राहिली. ठेकेदार बदलायचा, माणसं तीच, रस्ता तोच, गाडी तीच. भाषेचा खरा कस लागला तो इथे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा लागू व्हायला ठेकेदाराकडे किमान वीस माणसं लागत. मग कामाचे तुकडे असे पाडायचे की कुणाकडेच वीस भरू नयेत. काही योजनांत तर झाडणाऱ्याला 'स्वयंसेवक' म्हटलं गेलं आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'. सेवाभावाने भल्या पहाटे गटारं उपसायला आलेला माणूस! (ही युक्ती फक्त ठेक्यापुरती नाही. गावोगाव फिरणाऱ्या 'आशा' कागदोपत्री अजूनही स्वयंसेविकाच आहेत.)

या शब्दांचा बुरखा फाडायला कचरा वाहतूक श्रमिक संघाला वर्षं घालवावी लागली. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला. पालिका उच्च न्यायालयात गेली, मग सर्वोच्च न्यायालयात. ७ एप्रिल २०१७ रोजी तिथेही हरली. सुमारे २,७०० कामगारांना कायम करा, असा आदेश झाला.

हे काम न्यायालयाशिवाय होत नाही, याचं कारणही कायद्याच्या मजकुरातच आहे. १९७० च्या कायद्याचं कलम १० वाचलं तर ते फार शहाणं वाटतं. काम बारमाही आहे का, संस्थेच्या कारभाराला गरजेचं आहे का, एरवी कायम कामगार ते करतात का, त्यात पूर्णवेळ माणसं लागतील इतकं ते आहे का, हे बघून सरकारने कंत्राटी पद्धत बंद करावी असं ते म्हणतं. कंत्राटाचं समर्थन कुठे करावं आणि कुठे नाही, याची इतकी साधी कसोटी दुसरी नाही. एक पूल बांधायचा तर ठेका द्या, पूल झाला की माणसं गेली. पण झाडूला 'झाला' म्हणता येत नाही. आता गोम अशी की बंदी आली तरी पुढे काय, हे कलम सांगत नाही. २००१ च्या 'सेल' निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट हा नुसता देखावा होता हे आधी सिद्ध व्हावं लागतं. म्हणजे ज्याच्याकडे ओळखपत्रसुद्धा नाही त्याने दाखवायचं की पलीकडचा कागद खोटा आहे. आणि २०२० च्या नव्या संहितेने विसाचे पन्नास केले. गाभ्याच्या कामात कंत्राट नको, असं म्हणताना सफाई सहसा गाभ्यात मोजायची नाही, अशी पुस्तीही जोडली. संस्था त्याच कामासाठी उभी असेल तरच अपवाद. महापालिका कशासाठी उभी असते, यावर आता वकिलांची पोटं भरतील.

कायम नोकरीच्या विरोधातला युक्तिवाद मी झटकत नाही. टेबलावर फाइल अडवून बसणारा कायम बाबू सगळ्यांनी पाहिलाय, आणि त्याला हलवता येत नाही हा राग खोटा नाही. पण ठेक्याची कुऱ्हाड त्या बाबूवर पडतच नाही. ती पडते झाडूवाल्यावर, शिपायावर, वॉर्डबॉयवर, ज्यांच्याकडे अडवायला फाइलच नसते. शिवाय बाबूबद्दल तक्रार करायला निदान त्याचा साहेब असतो. ठेक्यातल्या माणसाने हातमोजे मागितले तर पालिका ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार टेंडरकडे.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' मला म्हणूनच वेगळा दिसतो. मॅनहोलमध्ये मेलेल्या वासुदेव पवारच्या मृत्यूचा खटला चालतो तो शाहीर नारायण कांबळेवर. त्याच्या गाण्याने कामगाराला आत्महत्या करावीशी वाटली, हा आरोप. वासुदेवची बायको साक्षीत सांगते की त्याच्याकडे सुरक्षेचं सामान नव्हतं, आणि आत हवा आहे की नाही हे तो झुरळं बाहेर येतात का त्यावरून ओळखायचा. कोर्ट ऐकतं, टिपून घेतं. सिनेमाची समीक्षा करताना आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्य, न्यायसंस्थेची जडता, भाषिक राजकारण यांवर भरभरून बोललो. आरोपीच्या पिंजऱ्यात मालक का नाही, हे फारसं विचारलं नाही. कॅमेरा स्थिर ठेवणारा दिग्दर्शक ती जागा रिकामी ठेवून देतो. ताम्हाणेने ती भरली असती तर सिनेमा भाषणबाज झाला असता, हे मान्य. पण ती रिकामी आहे हे दिसायला प्रेक्षकाला जीआर वाचायची सवय लागते.

२०१७ च्या निकालानंतरही सगळे कामगार लगेच कायम झाले नाहीत. बऱ्याच जणांचं घोडं नावाच्या स्पेलिंगवर अडलं. निकालासोबतच्या यादीत एक, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसरं. इतकी वर्षं ज्यांना 'पुरवलं' गेलं होतं, त्यांची नावं नीट लिहून ठेवण्याची गरज कुणालाच पडली नव्हती.