मॅकमर्फी, रँडल पॅट्रिक

अमेरिकन कादंबरीकार केन केसी (१९३५–२००१) यांच्या वन फ्ल्यू ओव्हर द कुकूज नेस्ट (१९६२) ह्या कादंबरीचा नायक. तुरुंगाच्या शेतावरील सक्तमजुरी टाळण्यासाठी वेडाचे सोंग घेऊन तो मनोरुग्णालयात येतो आणि परिचारिका रॅचेडच्या करड्या शिस्तीविरुद्ध बंड करतो. आपली सुटका तिच्याच मर्जीवर अवलंबून आहे, हे उमगल्यावर तो काही काळ नमते घेतो. परंतु दबलेल्या सहरुग्णांसाठी पुन्हा उभा राहतो. बिली बिबिटच्या आत्महत्येनंतर तो रॅचेडचा गळा आवळतो. तेव्हा मेंदूवरील शस्त्रक्रियेने त्याला जाणीवशून्य केले जाते; अखेर ब्रॉम्डन हा सहरुग्ण त्याचा श्वास कोंडून त्याला त्या अवस्थेतून सोडवितो.

ही गत त्याने स्वतःच ओढवून घेतली, असे म्हणण्यास आधार आहे. तो हिंसक आहे. बिलीचा अंत ज्या रात्रीच्या मेजवानीतून ओढवला, तीही त्यानेच घडवून आणलेली. तथापि न्यायालयाच्या शिक्षेला मर्यादा असते व तीविरुद्ध दाद मागता येते. येथे शिक्षाच उपचार म्हणून दिली जाते. म्हणून त्याचे दोष मान्य करूनही त्याची गत न्याय्य ठरत नाही. धोका ओळखूनही तो माघार घेत नाही, यात त्याच्या शोकांतिकेचे मर्म आहे. भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाची संमती व संबंधित मंडळाची मान्यता यांवाचून मनोविकारावर अशी शस्त्रक्रिया करता येत नाही.