शिक्षकाच्या कसोटीची कसोटी

शिक्षकाची योग्यता कशावरून ठरवावी, हा प्रश्न नवा नाहीं. त्याचा मूळापासून विचार करणारें एडमंड होम्स यांचें ‘व्हॉट इज अँड व्हॉट माइट बी’ हें पुस्तक १९११ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झालें. होम्स हे तेथील प्राथमिक शाळांचे मुख्य निरीक्षक होते. परीक्षा घेण्यांत हयात घालविलेल्या गृहस्थानें परीक्षेवरच फिर्याद करावी, हें या पुस्तकाचें पहिलें वैशिष्ट्य होय.

त्यांचा मुख्य रोख १८६२ च्या नियमावलीवर आहे. रॉबर्ट लो यांच्या पुढाकारानें आलेल्या या पद्धतींत शाळेला निकालाप्रमाणें अनुदान मिळे. वर्षांत २०० हून अधिक वेळां हजर राहिलेल्या मुलामागें ८ शिलिंग. पैकीं वाचन, लेखन व गणित यांतील ज्या विषयांत तें नापास होईल, त्या प्रत्येकाबद्दल २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. हिशेब चोख होता. फळ मात्र असें आलें कीं, मुलें वाचनाचें पुस्तक तोंडपाठ म्हणत आणि दुसरें हातीं दिल्यास अडखळत. कवि मॅथ्यू आर्नल्ड यांनींही, स्वतः निरीक्षक असतांना, याविरुद्ध लेखणी उचलली होती. मुंबई इलाख्यांतही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निकालावर अनुदान देण्याची चाल होती. तेव्हां ही कथा मराठी वाचकास परकी वाटूं नये.

शिक्षकावर अविश्वास दाखविला कीं तोही मुलांवर तसाच अविश्वास दाखवितो, हें होम्स यांचें निदान आम्हांस मार्मिक वाटतें. परंतु या दोषाचें मूळ ते ख्रिस्ती धर्मांतील मूळपापाच्या कल्पनेंत शोधूं लागतात, तेव्हां धागा फार ताणला जातो. अशा अनुदानाचें कारण धर्मशास्त्रापेक्षां सरकारी खजिन्यांत लवकर सांपडतें.

उत्तरार्धांत त्यांनीं सॉम्पटिंग येथील शिक्षिका हॅरिएट फिन्ले-जॉन्सन यांचें ‘इजेरिया’ या नांवानें चित्र रेखाटलें आहे. तेथील मुलें इतिहासांतील प्रसंग स्वतः नाट्यरूपानें उभे करीत. चित्र मनोहर आहे. पण एका असामान्य बाईच्या उदाहरणानें हजारों सामान्य शिक्षकांचा प्रश्न सुटत नाहीं. आळशी शिक्षकाच्या हातीं सांपडलेल्या गरीब मुलाची दाद कोणीं घ्यावी, याचें समाधानकारक उत्तर होम्स देत नाहींत.

तरीही पुस्तक शिळें झालेलें नाहीं. २०१० सालीं ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नें सुमारें ६००० प्राथमिक शिक्षकांची, मुलांच्या गुणांवरून काढलेली प्रतवारी नांवनिशीवार छापली. पुढें २०१४ सालीं अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेनें निवेदन केलें कीं, बहुतेक अभ्यासांप्रमाणें गुणांतील तफावतीपैकीं शिक्षकांकडे जाणारा वांटा १ ते १४ टक्केच असतो. लो यांची तागडी ओबडधोबड होती, ही नाजूक आहे. पण दोन्ही तागड्याच.

शिक्षकाचें परीक्षण होऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. तें शिकविण्याचा धंदा जाणणाऱ्यानें वर्गांत बसून, पुन्हा पुन्हा येऊन आणि शिक्षकाशीं बोलून करावें. गुणांची साक्ष अवश्य काढावी, पण निकाल एकट्या त्या साक्षीवर देऊं नये. निकालाच्या दिवशीं शाळेची किंमत ठरविण्याची संवय आपल्या घराघरांतून आहे. त्या घरांतील वडील मंडळींनीं या पुस्तकाचा निदान पूर्वार्ध तरी वाचावा, अशी आमची शिफारस आहे.