कालचा ‘मी’, आजचा ‘मी’ : दोन आत्मकथने

दलित आत्मकथनांविषयी लिहिताना आपले समीक्षक ‘अस्मितेचा शोध’ हा शब्दप्रयोग सहज करून जातात. अस्मिता कुठेतरी तयारच होती, ती फक्त सापडायची होती, असे त्यात गृहीत असते. अनात्मवाद मानणाऱ्या वाचकाने हे गृहीत तपासून पाहिले पाहिजे.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये भन्ते नागसेन राजा मिलिंदास विचारतात, की उताणे निजणारे तान्हे बाळ आणि आजचा राजा एकच काय? राजा म्हणतो, ते बाळ निराळे, मी निराळा. तसे असेल तर कोणाला आई उरत नाही, आणि अपराध करणारा एक व शिक्षा भोगणारा दुसराच ठरतो, असे भन्ते दाखवून देतात. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातील ज्योत शेवटच्या प्रहरी तीच नसते. पण दुसरीही नसते.

दया पवारांच्या ‘बलुतं’ने (1978) हाच पेच मांडला. दगडू मारुती पवार आणि शिकून पांढरपेशा झालेला लेखक तेथे समोरासमोर येतात. कावाखान्यातील दगडूला चव्हाट्यावर आणल्याबद्दल समाजातूनही रोष व्यक्त झाला. धर्मांतराने नवा जन्म झाला, मग जुने उकरायचे कशाला, हा आक्षेप आजही ऐकू येतो. बावीस प्रतिज्ञांत नव्या जन्माचा उच्चार आहे, हे खरे. परंतु ज्या धम्मात आत्माच नाही, तेथे नवा जन्म म्हणजे दगडूला पुसून टाकणे कसे होईल? मात्र ‘बलुतं’मधील हे दोघे अखेरपर्यंत दुभंगलेलेच राहतात, असे मला वाटते.

उर्मिला पवारांचे ‘आयदान’ (2003) येथे निराळे ठरते. फणसवळ्याची ही मुलगी आईने विणलेली आयदाने रत्नागिरीत घरोघर पोहोचवी. आयदानांवर पाणी शिंपडले जाई, पैसे वरून टाकले जात. पुढे मुंबईत येऊन उपनगरातील बोरिवलीत स्थिरावलेली, मीनाक्षी मून यांच्यासह ‘आम्हीही इतिहास घडवला’ (1989) लिहिणारी लेखिका त्या मुलीची कीव करीत नाही, तिला नाकारीतही नाही. आपले लिहिणे आईच्या विणण्याशी जोडलेले आहे, हे ती ओळखते. एम.ए. करताना पतीची नाराजी तिने लपविलेली नाही. पुरुषाचा ‘मी’ बदलला की घराला अभिमान वाटतो. बाईचा बदलला की स्वयंपाकाची आठवण होते. आपल्या बौद्ध घरांनी ही पाने विशेष लक्षपूर्वक वाचावीत.

उत्तरार्धात मात्र संघटना, सभा, संमेलने यांचे तपशील वाढतात. लेखिकेने काय केले ते कळते, ती कशी बदलत गेली हे काहीसे हरवते. बोरिवली-मुलुंडच्या सोसायटीत आडनाव सांगताना अजूनही अडखळणाऱ्या वाचकाला पूर्वार्धच अधिक जवळचा वाटेल.