काढा, अंगरस आणि स्फटिक : एका औषधी वाक्याचे वाचन

प्राचीन ग्रंथातील एखादे वाक्य आधुनिक प्रयोगशाळेत फलद्रूप झाले, की त्या वाक्याची कीर्ती त्याच्या अर्थापेक्षा मोठी होते. हिवतापावरील आर्टेमिसिनिन या औषधाच्या बाबतीत असेच घडले आहे. चौथ्या शतकातील चिनी ग्रंथकार गे होंग याने तातडीच्या उपचारांच्या आपल्या पुस्तिकेत हे औषध सांगून ठेवले होते व तू यूयू यांनी १९७१ मध्ये ते केवळ उजेडात आणले, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत ग्रंथावर अन्याय करते आणि प्रयोगशाळेवरही. ग्रंथात नेमके काय आहे व काय नाही, याचा निवाडा प्रथम भाषेच्या अंगाने केला पाहिजे.

गे होंगची सूचना अत्यंत त्रोटक आहे. छिंगहाव ही वनस्पती मूठभर घेऊन मोजक्या पाण्यात भिजवावी, पिळावी आणि निघालेला सर्व रस प्यावा, एवढाच तिचा आशय. तीत विस्तवाचा उल्लेख नाही. मराठीत हा मजकूर सांगताना ‘काढा’ हा शब्द सहज लेखणीवर येतो, आणि येथेच पहिली चूक होते. ‘काढा’ या शब्दाचा संबंध सामान्य वाचक ‘काढणे’ या क्रियापदाशी जोडतो. वनस्पतीतून जे काढले तो काढा, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः हा शब्द संस्कृत ‘क्वाथ’ याचे तद्भव रूप असून ‘कढणे’ या क्रियापदाचा सगोत्र आहे. ‘काढणे’चे मूळ प्राकृतातील ‘कड्ढ’ या वेगळ्या धातूत आहे. म्हणजे काढ्याच्या व्युत्पत्तीतच विस्तव आहे. गे होंगच्या सूचनेला ‘काढा’ म्हणणे म्हणजे ज्या एका गोष्टीच्या अभावामुळे ती महत्त्वाची ठरली, नेमकी तीच तिच्यात घालणे होय.

आयुर्वेदाची परिभाषा या बाबतीत अधिक सावध आहे. चरकसंहितेतील पंचविध कषायकल्पना स्वरस, कल्क, शृत, शीत व फांट असे पाच प्रकार वेगळे मानते. यांपैकी स्वरसाला मराठी वैद्य ‘अंगरस’ म्हणतात. शृत म्हणजे काढा आणि शीत म्हणजे हिम. तथापि गे होंगची कृती यांपैकी एकाही शब्दात पूर्णपणे बसत नाही. अंगरसात वनस्पतीचा स्वतःचा रस अभिप्रेत असतो, बाहेरचे पाणी नव्हे. हिमात भिजवणे असते, परंतु पिळण्यावर भर नसतो. म्हणून येथे पारिभाषिक शब्दाचा मोह टाळून ‘भिजवून पिळलेला रस’ असे साधे वर्णन करणेच अधिक प्रामाणिक ठरते.

या भेदाचे व्यावहारिक मोल केवढे होते, हे शोधाच्या इतिहासावरून कळते. चीनमध्ये १९६७ च्या मे महिन्यात हिवतापविरोधी औषधांसाठी ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला आणि १९६९ मध्ये तू यूयू यांच्याकडे त्यातील पारंपरिक औषधांचे काम आले. सुमारे २०० वनस्पतींपासून केलेले ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासण्यात आले. छिंगहावच्या अर्काने एकदा आशा दाखविली, पण पुढे तो परिणाम टिकला नाही. तेव्हा जुने ग्रंथ पुन्हा चाळताना गे होंगच्या मजकुरातील ‘पिळणे’ तू यूयू यांच्या नजरेत भरले. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असा तर्क त्यांनी केला आणि सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळणारे ईथर अर्कासाठी वापरले. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतील हिवतापावर पूर्णपणे गुणकारी ठरला.

हे वाचन प्रतिभेचे होते, यात शंका नाही. परंतु ते शब्दार्थाचे वाचन नव्हते. ग्रंथ ज्याविषयी मौन बाळगतो त्याचे ते वाचन होते. गे होंगने उष्णतेचा निषेध केलेला नाही. त्याने तिचा फक्त उल्लेख केला नाही. त्याच प्रकरणात तापावरील इतरही अनेक उपचार आहेत, आणि त्यांतून छिंगहाव निवडणारी कसोटी ग्रंथाची नव्हे, उंदराची होती. शिवाय ईथरबरोबर दोन गोष्टी एकदम बदलल्या : तापमान उतरले आणि विद्रावकही बदलला. आर्टेमिसिनिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ईथरमध्ये सहज विरघळते. शुद्ध स्फटिक तर १५६ ते १५७ अंशांना वितळतो आणि उष्णतेला बराच टिकतो. तेव्हा ‘उकळल्याने औषध नासते’ हे विधान पानातील मिश्र रसाविषयी संभवनीय असले, तरी यशाचे सर्व श्रेय त्याला देता येत नाही. तापमानाची सूचना ग्रंथाच्या मौनातून मिळाली. विद्रावकाची मात्र ग्रंथात कोठेही नाही.

वनस्पतीचे नावही निःसंदिग्ध नव्हते. चीनमधील आधुनिक वनस्पतिशास्त्रात ‘छिंगहाव’ हे नाव ज्या जातीला दिले गेले, तिच्यात हे द्रव्य नाही. ते मिळते आर्टेमिसिया ॲन्युआ या जातीत, जिला तेथे ‘पिवळ्या फुलांची हाव’ अशा अर्थाचे दुसरे नाव आहे. आपल्याकडील दवणा याच प्रजातीतला आहे. पण प्रजाती एक म्हणून गुण एक होत नाही. शब्दापासून वनस्पतीपर्यंतचे अंतरही प्रयोगानेच कापावे लागले.

शुद्धीकरणाच्या टप्प्यावर तर ग्रंथ पूर्णपणे मागे राहतो. ईथरमधील अर्कातून विषारी व निरुपयोगी आम्लयुक्त भाग अल्कलीने वेगळा केल्यावरच गुणकारी उदासीन भाग हाती आला. १९७२ मध्ये शुद्ध स्फटिक मिळाले. १५ कार्बन, २२ हायड्रोजन व ५ ऑक्सिजन अणूंच्या त्या रेणूतील ऑक्सिजनचा पेरॉक्साइड सेतू हे गुणाचे अधिष्ठान ठरले. यून्नान व शानतुंग येथील गटांनीही १९७३ मध्ये स्वतंत्रपणे स्फटिक मिळविले. ही गोष्ट एकाच वाचकाभोवती गुंफलेल्या कथेतून बहुधा गळून जाते. मोठ्या उत्पादनात ज्वालाग्राही ईथर सोयीचे नसते. तेथे वाळलेल्या पानांतून पेट्रोलियमजन्य विद्रावकांनी अर्क काढतात, मेण व हरितद्रव्य दूर करतात आणि पुनःस्फटिकीकरण करतात. वाळलेल्या पानात द्रव्य बहुधा शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून प्रत्येक टप्प्यावरील गळती किमतीत उतरते. २०१३ मध्ये यीस्टच्या साहाय्याने आर्टेमिसिनिक आम्ल लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत मिळविल्याचे प्रसिद्ध झाले. तरीही शेतातील पानाची गरज संपली नाही.

चिनी भाषेने या द्रव्याला ‘छिंगहावसू’ असे नाव दिले. यातील ‘सू’ हा घटक जीवनसत्त्वाच्या चिनी नावातही येतो. मराठीतील ‘सत्त्व’ त्याच्याशी चांगला जुळतो. परंतु गुळवेलीचे सत्त्व म्हणजे पाण्यात तळाशी बसलेला पिठूळ साका, आणि छिंगहावसू म्हणजे एकाच रचनेचा रेणू. शब्द एक असला तरी शुद्धतेची कल्पना एक नाही. २०१५ च्या नोबेल पारितोषिकानंतर जुन्या पोथ्यांकडे नव्या आशेने पाहणाऱ्या अभ्यासकाने हा भेद विसरू नये. पोथीने एक क्रियापद दिले. ते नीट वाचले गेले, हे भाषाभ्यासाचे यश. त्यातून स्फटिक झाला, हे रसायनशास्त्राचे. पहिल्याने दुसऱ्याचे श्रेय घेतले, तर पुढची पोथी वाचताना क्रियापदाकडे लक्ष जाणार नाही. वाचक तीत थेट रेणूच शोधू लागेल.